मेणवलीचा वाडा नानांचा, पण टिकवला जिऊबाईंनी

माझी मावशी वाईची, त्यामुळे मेणवली आम्हाला घरच्यासारखी. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की मात्र गाडी थेट कृष्णेच्या घाटावर जाते. "सिनेमाचं शूटिंग हितंच झालं," असं सांगायला कुणी ना कुणी उभं असतंच. मग पायऱ्यांवर फोटो, मेणेश्वराजवळची घंटा आणि परत वाई. घंटा बघण्यासारखी आहेच म्हणा. अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हाची ही लूट. चर्चमधली घंटा महादेवाच्या दारात दोन-अडीचशे वर्षं टांगलेली आहे आणि गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही, हे मला फार आवडतं.

वाडा घाटाला लागूनच आहे. १७६८ साली औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी मेणवली नाना फडणवीसांना दिली. नानांनी मग घाट, देवळं आणि हा सहा चौकांचा वाडा बांधला. बाहेरून बघाल तर रुक्ष दगड-विटांची भिंत. आत लाकडी खांब, कोनाडे, रंग उडालेली भित्तिचित्रं. दारं इतकी बुटकी की मावशी दर उंबरठ्यावर "डोकं सांभाळ गं" म्हणत पुढे जाते. स्वतः मात्र न वाकताच जाते, तेवढीच उंची!

पण नाना इथे राहिले किती? सगळा कारभार पुण्यात. या घरात खरी हयात काढली ती जिऊबाईंनी. नानांची नऊ लग्नं झाली, त्यातली ही शेवटची. मार्च १८०० मध्ये नाना गेले तेव्हा ही जेमतेम नऊ-दहा वर्षांची पोर. दुसऱ्या बाजीरावाने मालमत्तेवर जप्ती आणली. नानांचा विश्वासू धोंडोपंत निजसुरे तिला घेऊन लोहगडावर बसला, किल्ला सोडेना. शेवटी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली मध्ये पडला. जिऊबाईंना इंग्रजांचं संरक्षण आणि सालाना बारा हजार रुपयांची नेमणूक मिळाली, मुक्काम पनवेलला हलला. १८०४ मध्ये वेलस्ली त्यांना भेटला आणि त्यांच्या रूपाचं कौतुक पत्रात लिहून ठेवलं. तेरा-चौदा वर्षांची विधवा मुलगी आणि साहेबाला दिसलं ते रूप! असो.

पुढे मेणवली त्यांच्याकडे परत आली. त्यांनी दत्तक घेतला, घर चालवलं, आणि १८५४ मध्ये गेल्या. म्हणजे नवऱ्यामागे चोपन्न वर्षं. पेशवाई बुडाली, साताऱ्याचं राज्य खालसा झालं, बाई होत्याच. वाडा आजही वंशजांकडे आहे तो त्या दत्तकामुळे.

नानांचं दफ्तरही याच वाड्यात राहिलं. रुमालात बांधलेले मोडी कागद. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी ते उजेडात आणलं, साताऱ्याला नेलं. तिथून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेलं. मराठेशाहीच्या उत्तरार्धाचा अभ्यास करणाऱ्याला त्या रुमालांना हात लावावाच लागतो. इतकी वर्षं ते वाळवीला आणि चुलीला गेले नाहीत, याचं श्रेय मी तरी आधी जिऊबाईंना देईन. घाटाकडच्या पाटीवर त्यांच्या नावाची एक ओळ असायला काय हरकत आहे?