वहीतली एक ओळ

हार्वे वादळ २५ ऑगस्ट २०१७ ला टेक्ससच्या किनाऱ्यावर आलं. तीन दिवसांनी ॲडिक्स आणि बार्कर जलाशयांतून पाणी सोडलं आणि पश्चिम ह्यूस्टनमध्ये पाऊस ओसरल्यावरही पाणी चढतच राहिलं. मी सांगलीची. धरणातून पाणी सोडलं म्हणजे काय होतं, ते २००५ ला पाहिलेलं.

इथे मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते. त्यातलं एक दुकान बंदुकांचं. पाणी उतरल्यावर मालकांनी बोलावलं. मागचं दार बिजागरीतून निखळलं होतं, शोकेस आडवी आणि सगळ्यावर चिखल. आवक-जावक वही मात्र त्यांनी वादळाआधीच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरी नेली होती. ती नसती तर काय हरवलंय हे आम्हाला कळलंच नसतं.

मी वहीतला क्रमांक वाचायचा, मालकांनी ब्रशने चिखल काढून बंदुकीवरचा जुळवायचा. आठ की बी, शून्य की ओ, अशी खात्री करत संध्याकाळ झाली. तीन कमी भरल्या. दोन काउंटरखालच्या गाळात सापडल्या. एक पिस्तूल नाहीच. वाहून गेलं की उघड्या दारातून कुणी नेलं, सांगता येईना.

कायद्याने, हरवल्याचं लक्षात आल्यापासून ४८ तासांत एटीएफला, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेला, आणि स्थानिक पोलिसांना कळवावं लागतं. आधी फोन, मग कंपनी, मॉडेल, कॅलिबर, क्रमांक असा सगळा तपशील भरून फॉर्म. वहीत सात दिवसांत नोंद. ओळखीच्या एकाने सल्ला दिला, विम्याचं काम होईपर्यंत मोजूच नका. म्हणजे लक्षातही येणार नाही आणि घड्याळही सुरू होणार नाही! मालकांनी त्याच संध्याकाळी फोन केला. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून फार आदर आहे.

कारण ती पळवाट खरंच आहे. दुकानदाराने दरवर्षी माल मोजलाच पाहिजे, अशी सक्ती एटीएफ करू शकत नाही. अमेरिकेच्या संसदेनेच, म्हणजे काँग्रेसनेच, खर्चाच्या कायद्यात ती बंदी घातली आहे. माझ्या किराणा दुकानदारांना मी वर्षाला स्टॉक मोजायला लावते. बंदुकांना ते नको, हे मला आजही पटत नाही.

गुन्ह्यात बंदूक सापडली की वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या एटीएफच्या केंद्रातून शोध सुरू होतो: आधी कारखाना, मग घाऊक व्यापारी, मग दुकान. देशभरच्या बंदूकमालकांची एकत्र यादी सरकारला ठेवता येत नाही, म्हणून शेवटी सगळं दुकानदाराच्या वहीवर येतं. त्या पिस्तुलाचा माग काढायला कुणी निघालं, तर आमच्या वहीत ते कुणालाही विकलेलं दिसणार नाही. हरवल्याची तारीख आणि तक्रारीचा क्रमांक दिसेल. अजून ते सापडल्याचा निरोप आलेला नाही.