द्राक्षबागायतदाराचा बिझनेस व्हिसा

बर्लिनला दर फेब्रुवारीत फ्रूट लॉजिस्टिका हे फळांच्या व्यापाराचं प्रदर्शन भरतं. युरोपात द्राक्षं पाठवणाऱ्याने तिथे जायलाच हवं, कारण रॉटरडॅमला आपले कंटेनर उतरवून घेणारे आयातदार तिथे समोरासमोर भेटतात. निफाड तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची मी संचालक. व्हिसाची फाईल मीच तयार केली. आपल्या भागातले बरेच जण त्याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

नियम सोपे आहेत. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. बर्लिनहून पुढे नेदरलँड्सला जाणार असाल, तर जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखाच असेल तर जिथे आधी उतरणार तिथे. विमा किमान 30,000 युरोचा हवा. फी जून 2024 पासून 90 युरो. निकाल साधारण 15 दिवसांत येतो, पण 45 दिवसही लागू शकतात. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला फाईल जायलाच हवी.

आणि आपली अडचण नेमकी डिसेंबरातच आहे. मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढलं की काय दिसतं? गोडी छाटणी (फळासाठीची), डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी, औषधं, मजुरी. पैसे नुसते जाताना दिसतात, कारण मालाचे पैसे यायचे ते काढणीनंतर. व्हिसा अधिकाऱ्याला हे माहीत असायचं काही कारण नाही. ते आपणच सांगायला हवं.

मी कव्हरिंग लेटरमध्ये बागेचं अख्खं वर्ष मांडलं: छाटणी कधी, काढणी कधी, पैसे कोणत्या महिन्यांत जमा होतात. सोबत गेल्या हंगामातल्या मार्च ते मेचं स्टेटमेंट, आयातदाराला केलेली बिलं, अपेडाची (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) कागदपत्रं आणि प्लॉटची ग्रेपनेटवरची (निर्यातीच्या द्राक्षबागांची ऑनलाइन नोंद) नोंदणी जोडली. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने आयटीआरमध्ये करपात्र रक्कम छोटी दिसते. त्याचा खुलासा सीएंच्या पत्रात घेतला.

सातबारा इंग्रजी भाषांतरासह जरूर लावा. नकाराच्या छापील फॉर्ममध्ये एक कारण ठरलेलं असतं: अर्जदार मुदतीत परत जाईल याची खात्री वाटत नाही. ऐन हंगामात बाग टाकून कोण राहणार, हे आपल्याला कळतं, पण ते कागदावर दिसायला हवं. मी पत्रात परतीच्या तारखेशेजारीच आमच्या प्लॉटची काढणी कधी सुरू होते ते लिहिलं.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. माझ्या पासपोर्टवर सासरचं नाव आहे आणि वडिलांकडून आलेल्या जमिनीच्या उताऱ्यावर माहेरचं. विवाह नोंदणीचा दाखला जोडला नाही, तर त्या दोन वेगळ्या बाया वाटतात.

निमंत्रणपत्र आयातदाराकडून आधीच मागून घ्या. 'भेटीला या' एवढ्यावर भागत नाही. कोणत्या तारखांना, कशासाठी आणि खर्च कोणाचा, हे त्यात स्पष्ट हवं. तारखा विम्याशी आणि हॉटेलच्या बुकिंगशी जुळायला हव्यात.

एप्रिल 2024 पासून भारतीयांसाठी एक चांगली सोय झाली आहे. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा साधारणपणे दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा मिळू शकतो. त्यामुळे पहिली फाईल मन लावून करा. आमच्या सभासद ताईंनीही बर्लिनला यावं अशी माझी फार इच्छा आहे. त्यांच्या पासपोर्टचे अर्ज आम्ही आत्ताच भरायला घेतले आहेत.