तो तांबडा चौकोन

मुलीचा क्लास सुटायला वेळ होता. उन्हात गाडीत बसून गाणी ऐकावीत म्हणून किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं नाही. समोर दिव्यांची सगळी जत्रा पेटली. माझी नजर मात्र सवयीने एकाच दिव्यावर गेली. अधिक-उणे खुणांचा, दोन शिंगांचा तो तांबडा चौकोन, म्हणजे बॅटरीचा दिवा.

ही खोड बाबांची. त्यांच्याकडे कुर्ल्याला बनलेली पद्मिनी होती. किल्ली फिरवली की ते आधी थांबत, तांबडा दिवा लागल्याची खात्री करत आणि मगच सेल्फ मारत. इंजिन धरलं की दिवा विझला पाहिजे, म्हणजे बॅटरी चार्ज होतेय. पण मुळात लागलाच नाही, तर त्यांच्या कपाळाला जास्त आठ्या पडत. त्या जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, जागं करणारा करंट त्याच बल्बमधून जायचा. बल्ब उडाला की चार्जिंगही बसायचं आणि ते सांगायला दिवाही नाही! आईला वाटायचं, हे देवाला नमस्कार करतायत.

एका मे महिन्यात गावी जाताना महाड सोडलं आणि दिवा मिणमिणायला लागला. धड लागलेला नाही, धड विझलेला नाही. बाबांनी पहिल्यांदा टेप बंद केला. आम्ही मागून ओरडलो, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसलो. मग त्यांनी काटा बघितला. पाण्याचं तापमान जागेवर होतं, म्हणजे फॅनबेल्ट तुटला नव्हता. अल्टरनेटरबरोबर पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर फिरतो. तो तुटला असता तर गाडी तिथेच उभी करावी लागली असती. आता प्रश्न फक्त उजेडाचा होता. हेडलाइट लावले की साठवलेलं भराभर संपणार. कशेडी घाटात सूर्य डोंगराआड जाताना मागे बघत मी मनातल्या मनात त्याला थांब म्हणत होतो. आईने पाणी प्यायला थांबू या म्हटलं, तर बाबा म्हणाले, "थांबू, पण इंजिन बंद करणार नाही." एकदा बंद झालं की सेल्फ घेईलच याची खात्री नव्हती, आणि सामानासकट धक्का मारणार कोण?

खेडला पाटीवर 'सेल्फ, डायनामो' लिहिलेलं एक दुकान उघडं मिळालं. पोऱ्याने बॉनेट उघडलं, अंगठ्याने बेल्ट दाबला आणि तो हा एवढा आत गेला. त्याने पहार घालून अल्टरनेटर मागे रेटला, नट आवळला, पुन्हा अंगठा. झालं. बाबा जरा हिरमुसलेच. एवढा घाट श्वास रोखून चढले आणि बेल्ट नुसता सैल!

तेव्हापासून मला त्या चित्राचाच राग आहे. दिवा लागला की लोक म्हणतात, बॅटरी गेली, नवी टाका. अहो, गाडी चालू असताना लागलाय ना? मग बिचारी बॅटरीच सगळ्यांना पोसतेय. अल्टरनेटर, त्याचे झिजलेले ब्रश, बेल्ट, टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी, यांच्यापैकी कुणी तरी काम सोडलेलं असतं आणि चित्र मात्र हिचं लावलेलं. ती आहे तोवर देते, मग आधी स्टिअरिंग जड होतं, दिवे पिवळे पडतात आणि इंजिन मान टाकतं. जुन्या डिझेल गाड्यांचं बरं होतं. एकदा सुरू झालं की बॅटरीवाचून कुठवरही जात. आता टाकीतून पेट्रोल खेचणारा पंपसुद्धा विजेवर.

म्हणून मी लायटरच्या भोकात खोचायचा एक मीटर घेतलाय. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट, चालू झाल्यावर 14 च्या आसपास, हे आकडे बघितल्याशिवाय मला पहिला गिअर टाकवत नाही. नव्या गाड्यांत इंजिनचा भार वाचवायला अल्टरनेटर मुद्दाम मधूनच हात आखडता घेतो, आकडा खाली येतो. माहीत असूनही मी दचकतो. बायको म्हणते, "थर्मामीटर लावून बसलाय, ताप उतरला की सांगा, निघू."

आता विजेची गाडी घे, कटकट मिटेल, असं सगळे सांगतात. खालच्या मजल्यावरच्या काकांनी घेतली. तिच्यातही मोठ्या बॅटरीशिवाय 12 व्होल्टची एक छोटी असतेच. तीच उतरली तर गाडी जागीच होत नाही. परवा सकाळी काका जम्पर केबल मागायला वर आले. पोटात घरभर पंखे फिरवेल एवढी वीज आणि गाडी ढिम्म! केबल दिली. सोबत अर्धा तास व्याख्यानही दिलं. त्यांना ऑफिसला जायचं होतं, त्यामुळे ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.