तुम्ही विचारलंत म्हणून: नायकाला ताकद मिळते कुठून?

चिनी, जपानी, कोरियन वेब-कादंबऱ्या मी भान हरपून वाचते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "सगळीकडे तेच असतं ना? पिचलेला पोरगा, अफाट ताकद, मग सगळ्यांना लोळवणं. त्यात वाचायचं काय?"

सांगाडा तोच, मान्य. पण मी दोन गोष्टींकडे बघते: ताकद मिळाली कुठून, आणि मिळाल्यावर गडी तिचं करतो काय.

जपानी इसेकाईतला (म्हणजे दुसऱ्या जगात जाण्याच्या कथांमधला) नायक बरेचदा ऑफिसात राबून पिचलेला असतो. ट्रकखाली येऊन मरतो आणि दुसऱ्या जगात जन्मतो. तिथे एखादी देवी त्याला शक्ती देऊन टाकते, फुकट. डोळ्यांपुढे लेव्हलचे आकडे तरंगतात. ही १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या घराण्यातल्या व्हिडिओ गेमची देणगी. आणि एवढं हाती आल्यावर त्यातले कितीतरी जण काय करतात? गावाबाहेर शेती. नाहीतर औषधांचं छोटं दुकान. जग जिंकायची मुभा असताना हा माणूस निवांतपणा मागतो. किती दमला असेल तो! मला खरंच गलबलून येतं.

कोरियन नायक पुष्कळदा सगळ्या आठवणींसकट भूतकाळात परततो आणि हरलेला डाव नव्याने खेळतो.

चिनी शियानशियात, म्हणजे साधनेने अमर होऊ पाहणाऱ्यांच्या कथांत, मात्र साधनेला पर्याय नाही. आधी छी, म्हणजे प्राणशक्ती, शोषून घ्यायची, मग पाया घालायचा, मग पोटात सोन्याचा गोळा घडवायचा. या पायऱ्या ताओ पंथाच्या अंतर्गत किमयेतून, म्हणजे शरीराच्या आतच अमरत्व घडवण्याच्या साधनेतून, आल्या आहेत. कथेतल्या साधकांच्या पंथात बाहेरचे शिष्य, आतले शिष्य अशी उतरंड, ताकद वाढवणाऱ्या दिव्य गोळ्या मोजक्याच, आणि बड्या घराण्याचा पोरगा चारचौघांत अपमान करायला टपलेला. वरच्या जगात चढावं तर कळतं, की कालचे थोर लोक या नव्या जगात चिल्लर आहेत. पुन्हा श्रीगणेशा. प्रकरणं हजारांत जातात, कारण छीद्यानसारख्या चिनी वेब-कादंबऱ्यांच्या साइटवर २००३ पासून वाचक अक्षरांच्या हिशेबाने पैसे मोजतात. पण तो नुसता धंदा नाही. मोठ्या पायरीवर आकाशातून वीज कोसळते, कारण माणसाचं वर चढणं स्वर्गालाच मंजूर नसतं. नायक भाजून निघतो, पण हटत नाही.

आपल्याकडेही तप वाढलं की इंद्राचं आसन डळमळतं; तो अप्सरा पाठवतो. पण तपाने ताकद कमावणारा बहुधा असुर: हिरण्यकशिपू, भस्मासुर. मिळालेल्या वरदानातच पळवाट आणि तिथेच अंत. अर्जुनाने तपानेच पाशुपतास्त्र मिळवलं, पण तो मुळात इंद्राचा मुलगा. कमावलेल्या ताकदीवर आपल्या कथांनी इतका संशय घ्यावा, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून विश्वामित्र मला सगळ्यांत जवळचा. वसिष्ठांच्या गायीपुढे त्याचं सैन्य हरलं आणि हा राजा तपाला बसला. मेनकेपायी तप गेलं, तरी पुन्हा बसला. शेवटी ब्रह्मदेव स्वतः त्याला ब्रह्मर्षी म्हणतो. चिनी नायक इथून पुढच्या जगात निघून गेला असता. विश्वामित्र म्हणतो, हे वसिष्ठांनी म्हणायला हवं. वसिष्ठ येतात, तसं म्हणतात, मैत्री करतात. आणि ज्यांना हरवायला निघाला होता त्यांचीच विश्वामित्र पूजा करतो.