आमची वाटचाल : पतसंस्थांचा डेटा आणि आमची चाचणी

पतसंस्थांसाठी संगणकप्रणाली तयार करण्याचे काम आम्ही तिघांनी सुरू केले, तेव्हा चाचणीसाठी डेटा हवा असला की संस्थेच्या सर्व्हरवरील ताजा बॅकअप आणून तो आमच्या कार्यालयातील संगणकावर रिस्टोर करत असू. मुदतपूर्व मोडलेली ठेव, पुनर्गठित कर्ज, एकाच सभासदाचे तीन प्रकारे लिहिलेले नाव, असे प्रसंग हाताने रचलेल्या डेटात सहसा येत नाहीत आणि व्याजाच्या हिशेबातील चुका नेमक्या तिथेच दडलेल्या असतात. त्यामुळे ही रीत आम्हाला योग्यच वाटत होती.

एका सायंकाळी चाचणी चालू असताना आमच्या संगणकावरून खऱ्या ठेवीदारांना ठेव बंद झाल्याचे एसएमएस गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काही वयस्कर ठेवीदार पावत्या घेऊन संस्थेच्या दारात उभे होते. कोणाचाही पैसा गेला नव्हता, तरी त्यांचे चेहरे मी विसरू शकलेलो नाही.

त्यानंतर आम्ही स्नॅपशॉटचा, म्हणजे डेटाबेसची एका क्षणाची स्थिती जपून ठेवणाऱ्या सोयीचा, अभ्यास केला. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रणालीमध्ये ही सोय पूर्वी मोठ्या संस्थांसाठीच्या एंटरप्राइझ आवृत्तीपुरती होती. एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून (सुधारणांच्या संचापासून) ती लहान आवृत्त्यांसह सर्व आवृत्त्यांत आली आणि आमच्या लहान संस्थांच्या आवाक्यात आली. स्नॅपशॉट घेताना संपूर्ण डेटाची नक्कल होत नाही. मूळ डेटाबेसमधील ८ केबीचे पान (डेटा साठवण्याचे एकक) पहिल्यांदा बदलण्यापूर्वी त्याचे जुने रूप स्नॅपशॉटच्या फाइलमध्ये उतरवले जाते, आणि न बदललेली पाने मूळ डेटाबेसमधूनच वाचली जातात. म्हणूनच तो मूळ सर्व्हरवरच राहतो, त्यात काही लिहिता येत नाही, आणि मूळ डेटाबेस गमावला तर त्याचाही उपयोग उरत नाही. तो बॅकअप नव्हे, हे मी प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापकांना आजही आवर्जून सांगतो.

आता ३१ मार्चच्या व्याज आकारणीपूर्वी आम्ही व्यवहार थांबवून पूर्ण बॅकअप आणि स्नॅपशॉट दोन्ही घेतो. तेरीज (सर्व खात्यांच्या जमा-नावे बाकींची यादी) जुळली नाही, तर स्नॅपशॉटवरून डेटाबेस पूर्वस्थितीत आणतो आणि, त्यामुळे लॉग बॅकअपची (व्यवहारांच्या नोंदींच्या क्रमवार बॅकअपची) साखळी तुटलेली असल्याने, लगेच नवा पूर्ण बॅकअप घेतो.

चाचणीसाठी मात्र डेटाबेसची लिहिता येणारी स्वतंत्र प्रतच लागते. ती बाहेर नेण्यापूर्वी संस्थेच्याच सर्व्हरवर नाव, पत्ता, मोबाईल, पॅन आणि आधार क्रमांक बदलतो. रकमा आणि तारखा ठेवतो, कारण त्यांच्याशिवाय व्याजाची चाचणी निरर्थक ठरते. एका सभासदाचा बदललेला क्रमांक ठेव, कर्ज आणि जामीनदार या सर्व तक्त्यांत एकच राहावा, यासाठी आमचा सर्वाधिक वेळ खर्च झाला. लहान गावात मोठ्या ठेवीच्या रकमेवरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून काम संपताच ही प्रतही पुसतो. चाचणीच्या एकाही संगणकावर एसएमएस सेवेची किल्ली (संदेश पाठवण्यासाठी लागणारा गुप्त संकेत) ठेवत नाही.