आमची वाटचाल : बुटाच्या नंबरापासून पावलाच्या मापापर्यंत

आमच्याकडे बूट करून घेणाऱ्या ग्राहकाला आम्ही नंबर विचारत नाही. त्याच्या दोन्ही पावलांची लांबी आणि चवड्याचा घेर आम्ही मिलिमीटरमध्ये मागतो, आणि ही मापे त्याने स्वतःच्या घरी, संध्याकाळी, उभे राहून घेतलेली असावीत असा आमचा आग्रह असतो. दादरसारख्या ठिकाणी, जिथे चपला-बुटांची दुकाने हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे साध्या काळ्या बुटासाठी एवढा खटाटोप कशाला, असे नवे ग्राहक तोंडावर विचारतात. आमच्या छोट्या व्यवसायाची वाटचाल बहुतांशी या प्रश्नाभोवतीच झाली आहे, म्हणून ती त्याच अंगाने सांगतो.

वडिलांनी ऐंशीच्या दशकात कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत एका खोलीत काम सुरू केले. त्या वस्तीत राजस्थानातून आलेली कुटुंबे आणि आपल्याकडचे कारागीर शेजारी शेजारी बसून अप्पर म्हणजे बुटाचा वरचा भाग शिवत, तो फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, चढवत आणि सोल चिकटवत. चामडे धारावीतून येई. वडिलांकडे एक मापाची वही होती. ग्राहकाने मोजे घातलेले पाऊल वहीच्या कोऱ्या पानावर ठेवायचे, वडील पेन्सिलीने कडेने रेघ ओढत, चवड्याभोवती पट्टी फिरवून घेर लिहीत आणि कोपऱ्यात ‘डावे मोठे’ किंवा ‘उजव्या करंगळीला कुरूप’ अशी टीप करून ठेवत. पुढे तयार बुटांची खोकी सगळीकडे दिसू लागली, घाऊक व्यापारी सहा ते दहा नंबरांचे संच मागू लागले आणि वहीचे काम संपले. आम्हीही मोजक्या फर्म्यांवर नंबराचे बूट काढून कित्येक वर्षे पोट भरले. त्याबद्दल तक्रार नाही. दादरचे दुकान त्याच पैशातून उभे राहिले.

नंबर नेमका कशाचा असतो, हे मात्र विकणाऱ्यालाही क्वचित ठाऊक असते. तो पावलाचा नसून फर्म्याचा असतो. आपल्याकडे रूढ असलेल्या इंग्लंडच्या पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. मोठ्यांच्या नंबरात पंचवीस मिळवून तिनाने भागले की फर्म्याची लांबी इंचांत मिळते. त्या हिशेबाने आठ नंबरचा फर्मा अकरा इंचांचा, म्हणजे साधारण २७९ मिलिमीटरचा होतो. युरोपात दोन तृतीयांश सेंटिमीटरचा एक टप्पा धरतात, म्हणून तिथला ४२ नंबर २८० मिलिमीटरचा भरतो आणि आपल्या आठच्या जवळ येतो. या फर्म्यात किती लांबीचे पाऊल आरामात मावेल, हे बुटाचे टोक निमुळते आहे की गोल, यावर ठरते. एकाच माणसाला एका दुकानात सात, दुसऱ्यात आठ आणि खेळाच्या बुटात नऊ नंबर येतो, तेव्हा त्याचे पाऊल बदललेले नसते. प्रत्येक कारखान्याने आपला फर्मा आपल्या अंदाजाने कोरलेला असतो.

याहून मोठी अडचण रुंदीची आहे, आणि माझ्या मते आपल्या शहरातल्या निम्म्याअधिक दुखऱ्या पावलांचे मूळ तिथेच आहे. बहुतेक तयार बुटांवर लांबीचाच आकडा असतो. लहानपणापासून चपला-सपातांत मोकळेपणी वाढलेले पाऊल चवड्याशी पसरट असते; ते अरुंद बुटात कोंबले की करंगळी घासते आणि अंगठ्याच्या मुळाशी आग होते, मग दुकानदार सांगतो, ‘एक नंबर वरचा घ्या.’ वरच्या नंबरात चवड्याचा घेर साधारण सहा मिलिमीटरने वाढतो, पण लांबी साडेआठ मिलिमीटरने वाढते. ज्याला घेरात बारा मिलिमीटर जास्त हवेत, तो दोन नंबर वर जातो आणि टाचेच्या बाजूला सतरा मिलिमीटरची नको असलेली पोकळी घेऊन घरी येतो. टाच सुटू नये म्हणून तो चालताना बोटे आवळतो, बूट ज्या जागी वाकतो ती जागा चवड्याच्या पुढे सरकते, आणि बूट चावतो म्हणून चामड्याला नावे ठेवली जातात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दुकानाचे शटर खाली आले. परळच्या रुग्णालयांतल्या परिचारिका, पोलीस शिपाई, बेस्टचे वाहक असे दिवसभर उभे राहणारे आमचे जुने ग्राहक मात्र कामावर होते, आणि त्यांचे बूट झिजत होते. ते दूरध्वनी करत, आणि पाऊल आमच्यासमोर नसताना बूट करायचा कसा, हा प्रश्न आमच्यासमोर उभा राही. दुकानात पाय मोजायचा धातूचा पाट होता. अमेरिकेतल्या सिराक्यूज शहरातील चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात तयार केलेल्या उपकरणाच्या धर्तीचा हा पाट टाच ते अंगठ्याचे टोक, टाच ते अंगठ्यामागचा सांधा आणि चवड्याची रुंदी अशी तीन मापे देतो. तो कोणाच्या घरी असण्याची शक्यता नव्हती. मग आम्ही वडिलांची मापाची वही काढली आणि तिच्यातली रीत ग्राहकाला स्वतःच्या घरी करता येईल अशा शब्दांत एका कागदावर उतरवली.

त्या कागदातली पहिली गोष्ट वेळेची आहे. दिवसभर उभे राहिल्याने आणि चालण्याने पाऊल थोडे फुगते, उन्हाळ्यात अधिकच. सकाळी घेतलेल्या मापाचा बूट विरारची लोकल पकडायच्या वेळेला आवळू लागतो. म्हणून माप संध्याकाळी कामावरून आल्यावर घ्यावे, आणि बुटासोबत जे मोजे घालायचे तेच घालून घ्यावे. दुसरी गोष्ट उभे राहण्याची. बसून पाऊल मोजले तर ते आखूड आणि अरुंद भरते, कारण अंगाचा भार पडला की पायाची कमान खाली बसते आणि पाऊल लांबी-रुंदीला पसरते. दोन्ही पावलांवर सारखा भार देऊन सरळ उभे राहावे आणि मोजण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावे. स्वतः वाकून पाहायला गेले की भार पुढे सरकतो आणि पावलाचा आकार बदलतो.

लांबीसाठी आम्ही रेघ ओढण्यापेक्षा भिंतीचा आधार घ्यायला सांगतो. टाचेचा सर्वांत मागे आलेला भाग जमिनीपासून थोडा वर असतो, त्यामुळे कागदावरच्या रेघेत तो नीट येत नाही. शिवाय पेन्सिल आत कलली की दोन्ही टोकांना मिळून चार-पाच मिलिमीटर सहज गळतात, आणि अर्धा नंबर तेवढ्याचाच असतो. टाच भिंतीला, किंवा फ्लॅटमध्ये भिंतीच्या तळाशी स्कर्टिंगची पट्टी असेल तर त्या पट्टीला, टेकवावी. पाऊल तिरके जाऊ नये म्हणून फरशीच्या सांध्याची रेघ धरावी. मग एक जाड पुस्तक उभे धरून सर्वांत लांब बोटाला हलके टेकवावे, पाऊल उचलावे आणि भिंत ते पुस्तक हे अंतर धातूच्या पट्टीने मोजावे. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही, अनेकांचे त्याच्या शेजारचे बोट पुढे असते. जुन्या चाळींतल्या भिंती तळाशी फुगलेल्या असतात, तिथे कपाटाची बाजू किंवा दाराची चौकट बरी पडते.

घेर मोजताना पट्टी अंगठ्यामागच्या सांध्यावरून करंगळीमागच्या सांध्यापर्यंत जरा तिरकी फिरवावी लागते, कारण हे दोन सांधे समोरासमोर नसतात. पट्टी मोजा घातलेल्या पावलाला टेकावी, रुतू नये. शिलाईच्या डब्यातली जुनी कापडी टेप ताणून लांब झालेली असू शकते, तेव्हा आधी ती धातूच्या पट्टीशी जुळवून पाहावी. त्यापेक्षा कागदाची अरुंद पट्टी कापून पावलाभोवती गुंडाळली, जिथे टोक येईल तिथे खूण केली आणि नंतर ती सपाट ठेवून मोजली तर चूक होत नाही, कारण कागद ताणत नाही. ही सगळी मापे दोन्ही पावलांची हवीत. दोन पावले तंतोतंत सारखी असणारा माणूस विरळा, आणि बूट नेहमी मोठ्या पावलावर बेतावा लागतो. लहान पावलाला आत सुकतळी देऊन सांभाळता येते.

एक विनंती आम्ही ठळक अक्षरांत छापली आहे : मापात पदरचे काही मिळवू नये. बोटांपुढे दहा-बारा मिलिमीटर मोकळी जागा लागते, ती आम्ही फर्म्यात धरतो. ग्राहकाने काळजीपोटी तेवढीच स्वतःही धरली की जागा दुप्पट होते. असे बहुधा आमचे इंजिनिअर ग्राहकच करतात.

बरेच जण पावलाचे छायाचित्र पाठवतात. त्याचा उपयोग आहे, पण मोजण्यासाठी नाही. मोबाइल जरा कलला तरी प्रमाण बिघडते. बोटांची ठेवण, वर आलेला सांधा किंवा कुरूप कुठे आहे, एवढ्यासाठीच आम्ही ते पाहतो. आमचा मापाचा तक्ता घरी छापणाऱ्यांची अडचण निराळी. छपाई यंत्र पानात बसवण्यासाठी तक्ता गुपचूप लहान करते, आणि तीन टक्के जरी लहान झाला तरी २६० मिलिमीटरच्या पावलात जवळजवळ एका नंबराचा फरक पडतो. म्हणून तक्त्यावर आम्ही बँकेच्या कार्डाची चौकट आखली आहे. असे कार्ड सगळीकडे ८५.६ मिलिमीटर लांब असते. ते चौकटीत बरोबर बसले नाही तर तो कागद वापरू नये.

माप हाती आले की आमच्याकडे काम सुरू होते. प्रत्येकासाठी नवा फर्मा कोरणे आमच्यासारख्या छोट्या पेढीला परवडणारे नाही, म्हणून लांबीला जुळणारा फर्मा घेऊन जिथे घेर कमी पडतो तिथे चामड्याचे तुकडे चिकटवतो, ते घासून गुळगुळीत करतो आणि त्यावर अप्पर चढवतो. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेल्या ग्राहकाच्या फर्म्यावर नेमका तेवढाच उंचवटा तयार करता येतो. टाचेपासून सांध्यापर्यंतचे अंतर घरच्या मापात खात्रीने कळत नाही, त्यामुळे पहिल्यांदा बूट करणाऱ्याला आम्ही पक्का सोल लावण्यापूर्वी कच्चा जोड घालून पाहायला पाठवतो. त्यात वेळ जातो, कुरिअरचा खर्च वाढतो, आणि बाजारातल्या बुटापेक्षा आमचा बूट महाग पडतो. ज्यांना नेहमीचा तयार बूट व्यवस्थित बसतो, त्यांनी तोच घ्यावा असे आम्ही सांगतो. ते ऐकून आमचा हिशेबनीस नाराज होतो.

मुलांचे बूट आम्ही करत नाही, तरी जून जवळ आला की पालकांचे दूरध्वनी येतात. त्यांना एकच उपाय सांगतो. बुटातली सुकतळी सुटी निघत असेल तर ती बाहेर काढून मुलाला तिच्यावर उभे करावे. बोटांपुढे साधारण एक ते दीड सेंटिमीटर जागा दिसली पाहिजे आणि पाऊल कडेने बाहेर सांडता कामा नये. बुटाचे टोक अंगठ्याने दाबून पाहण्याची आपली सवय फसवी आहे, कारण वरून दाब आला की मूल बोटे आत ओढून घेते. मुलांची हाडे कोवळी असतात आणि आवळणाऱ्या बुटाची तक्रार ती लवकर करत नाहीत, त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी माप पाहणे बरे.

मधुमेहाच्या रुग्णांबाबत आमचा नियम कडक आहे. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला बूट लागत असल्याचे कळतच नाही, आणि साध्या फोडाची न भरणारी जखम होऊ शकते. अशा ग्राहकाला आम्ही आधी डॉक्टरांकडून पाऊल तपासून घ्यायला सांगतो आणि त्यांनी लिहून दिल्याखेरीज माप स्वीकारत नाही. घरातल्यांनी रोज बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावे, हेही सांगतो.

अलीकडे आमच्या धंद्यात ‘भा’ या प्रस्तावित भारतीय मापपद्धतीची चर्चा आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची त्रिमितीय मापे घेतली, आणि भारतीय पावले सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे त्यात दिसले. कुर्ल्यातल्या कारागिरांना यात नवल वाटले नाही, पण फर्मे करणाऱ्यांपर्यंत हे आकडे पोहोचले तर तयार बूटही अधिक लोकांना बसतील, आणि आमचे काही ग्राहक कमी झाले तरी ते चांगलेच आहे.

सध्या जुन्या ग्राहकांशी आमचा वाद होतो तो वेगळ्याच कारणाने. ‘माझे माप तुमच्याकडे आहेच, त्यावरच बूट करा,’ असे ते म्हणतात. वय वाढते तशी पायाची कमान खाली बसते, वजन बदलते, बाळंतपणानंतर अनेक स्त्रियांचे पाऊल कायमचे थोडे लांब होते. म्हणून दोन वर्षांहून जुने माप आम्ही धरत नाही आणि नव्याने पाठवायला सांगतो. काही जण चिडतात, काही जण मोजतच नाहीत आणि जुनेच आकडे पुन्हा लिहून पाठवतात. ते आम्हाला लगेच कळते, कारण नव्याने घेतलेले माप मिलिमीटरपर्यंत तेच येणे फारसे घडत नाही. मग आम्ही दूरध्वनी करून पुन्हा मागतो.