बनारसच्या राजाची विहीर

इंग्लंडमध्ये रेडिंगला पुतण्याकडे मुक्काम होता. एका दुपारी तो म्हणाला, "काकू, चल, तुला बनारसच्या राजाची विहीर दाखवतो." मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. पण चिल्टर्न टेकड्यांमधल्या स्टोक रो नावाच्या इवल्याशा गावात, रस्त्याच्या कडेला खरोखरच घुमट उभा. त्याखाली रहाट, आणि रहाटावर चक्क सोनेरी हत्ती!

विहीर दिसली की आत वाकून 'कूऽऽ' केल्याशिवाय मला राहवत नाही. इथे ते जमण्यासारखं नव्हतं. विहीर झाकलेली, आणि पुतण्या आधीच अवघडून उभा. विहिरीची रुंदी जेमतेम 4 फूट, खोली मात्र 368 फूट. आख्खा कुतुबमिनार आत जाऊन वर शंभरावर फूट उरतील. (मावला तर!) सगळा डोंगरच खडूचा, पडलेला पाऊस थेट पाताळात. हातांनी खणलेली ही विहीर, आणि एक बादली वर यायला म्हणे दहा मिनिटं लागायची.

शेजारच्या इप्सडेनचा एडवर्ड रीड हिंदुस्थानात सरकारी नोकरीला होता. 1831 मध्ये त्याने आझमगढकडे लोकांसाठी विहीर खणवली होती. पुढे बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी गप्पा मारताना त्याने आपल्या मुलखातल्या टंचाईचीही गोष्ट सांगितली. घरातलं उरलंसुरलं पाणी प्यायला म्हणून एका आईने पोराला बडवलं होतं. राजाच्या ते मनात राहिलं. त्याच्या पैशांतून झालेली विहीर 24 मे 1864 रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, खुली झाली. खर्च साडेतीनशे पाउंडांच्या वर. शिवाय देखभालीला पैसा हवा म्हणून बाजूला चेरीची बाग! दान करताना पुढच्या डागडुजीचा विचार करणारा माणूस मला फार आवडतो. आमच्या सोसायटीत पाणपोई बसवणाऱ्यांना तो भेटायला हवा होता.

गोष्ट ऐकून पुतण्याची बायको त्या पोरासाठी हळहळली. मला मात्र आजीच आठवली. मे महिन्यात आड तळाला जायचा, पोहरा खडकावर खडखडायचा आणि वर यायचं ते गाळाचं पाणी. आजी ते फडक्यातून गाळायची, निवळायला ठेवायची. एकदा चुलतभाऊ खेळून आला आणि त्या निवळलेल्या कळशीने त्याने खुशाल पाय धुतले. आजीने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की ओसरीवरचे आजोबा दचकले. "पोर आहे, मारतेस काय!" असं ते तिथूनच म्हणाले. उठले मात्र नाहीत.

तो ओसरीवर हुंदके देत बसला, आणि आजी रिकामी कळशी घेऊन पुन्हा आडावर गेली. स्टोक रोच्या त्या बाईलाही पोराला बडवून झाल्यावर पाण्याला जावंच लागलं असणार.